कराडपासून पुढे

कृष्णेच्या काठाकाठाने महाबळेश्वरहून सांगलीपर्यंत चालत जायचं, हा बेत मुळात सरांचा. सर म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांच्याबरोबर मी, मिरजेचे एक निवृत्त बँक कॅशियर, कुस्ती सोडून नोकरीच्या शोधात असलेला माणदेशातला एक तरुण आणि पलूस भागात माहेर-सासर दोन्ही असलेल्या एक बाई, असे पाच जण. तरुणाला सगळे पैलवान म्हणत, कॅशियरना बँकवाले आणि बाईंना वहिनी. त्या आमच्यापैकी कुणाच्याही वहिनी नव्हत्या, पण ते नाव वाईच्या आधीच पडलं आणि चिकटलं. डिसेंबरच्या मध्यात निघालो, संक्रांत उलटल्यावर पोचलो.

वाटेतलं बरंचसं मी सोडून देणार आहे. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीच्या घाटावरची वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा, लिंबची बारा मोटांची विहीर, माहुलीला वेण्णा मिळते तिथली देवळं आणि समाध्या, हे सगळं बघण्यासारखं आहे आणि त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला सांगायचंय ते कराडपासून पुढचं. तिथून आमची माणसं कमी होत गेली.

आधी एक सांगायला हवं. नदीकाठ म्हणजे काही रस्ता नव्हे. ऊस अगदी पाण्यापर्यंत आलेला असतो. मधेच जॅकवेल, मोटारींचे पाईप, कुठे ओढ्याचा गुडघाभर गाळ. पाणंद मिळाली तर नशीब, नाहीतर बांधावरून तोल सांभाळत जायचं. अशा वाटेवर आठवडाभरात कामं आपोआप वाटली जातात. कुणी ठरवत नाही. सर काठ ठरवायचे, म्हणजे पुढचा पूल किंवा बंधारा कुठे आहे, कुठवर अलीकडून जायचं आणि कुठे पलीकडे. पैलवानाकडे पातेलं, स्टोव्ह आणि शिधा. बँकवाल्यांकडे कॉन्ट्रीचे पैसे आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. माझ्याकडे पाणी, औषधं आणि लोकांच्या पायांचे फोड. आणि वहिनींकडे सगळ्यात अवघड काम: संध्याकाळी गावात शिरून मुक्कामाची जागा मागणं. त्या पारावर बसलेल्या पहिल्या म्हातारीला "आक्का" म्हणून हाक मारायच्या आणि पाच मिनिटांत देवळाची किल्ली, अंथरायला सतरंजी आणि बऱ्याचदा भाकऱ्याही यायच्या. एका गावात समाजमंदिराला कुलूप होतं आणि किल्लीवाला टाळाटाळ करत होता. त्याला वहिनींनी भर चौकात जे सुनावलं, ते ऐकून पैलवानसुद्धा दोन पावलं मागे सरला होता.

कराडला सर थांबणार हे आधीपासून ठरलेलं होतं. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती. प्रीतिसंगमावर आम्ही सकाळी पोचलो. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी फिरायला आलेली माणसं, शाळेची एक सहल, पलीकडे वाळूत कपडे धुणाऱ्या बाया. सर कठड्याला टेकून शेवटचा तास घ्यावा तसे बोलत होते. दोघी एकाच डोंगरावरच्या. कृष्णा पूर्वेला उतरली, कोयना दक्षिणेला गेली. हेळवाकला कोयना वळली आणि इथे दोघी समोरासमोर आल्या. एरवी उपनदी तिरकी येऊन मिळते, इथे दोन नद्या तोंडावर तोंड येऊन काटकोनात वळतात. "आणि ही जी कोयना दिसतेय ना, ती उरलेली," सर म्हणाले. "बाकीची बोगद्यातून डोंगरापलीकडे गेली, पोफळीला, वीज करायला." सर पाटण तालुक्यातले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. त्या तारखेला ते अजूनही घर सोडत नाहीत. आमचं निघणं डिसेंबरच्या मध्यावर गेलं ते त्यामुळेच.

"नद्या भेटतायत आणि आपण सुटतोय," बँकवाले म्हणाले. बाकीच्यांनी एकदमच त्यांना गप्प केलं. संगमावर येणारा प्रत्येक जण हे म्हणत असणार.

स्टँडवर जाऊन चहा घ्यायचा, मग सरांना नीट निरोप द्यायचा, पैलवानाने तर दोन शब्द बोलायची तयारीही केली होती. पण आम्ही फाटकातून आत शिरतो तोच साताऱ्याची विनाथांबा गाडी निघायच्या बेतात. कंडक्टरने घंटी मारली. सर धावत चढले, पाठोपाठ पैलवानाने त्यांची सॅक आत ढकलली. गाडी वळली तेव्हा खिडकीतून सरांचं डोकं बाहेर आलं आणि ते ओरडले, "पूल दिसला म्हणून लगेच ओलांडू नका! आधी पलीकडचा ऊस तुटलाय का बघा!" हा त्यांचा निरोप. एवढ्या आठवड्यांच्या सहवासानंतर कुणी कुणाला हातही हलवला नाही. आम्ही ऊस तुटण्याचाच विचार करत उभे राहिलो.

आदल्या रात्रीच त्यांनी सर्व्हेच्या नकाशांच्या झेरॉक्सचा गठ्ठा सोडून दोन भाग केले होते. कराडच्या मागचे त्यांनी नेले, पुढचे मला दिले. त्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात बंधारे लिहिलेले. दुपारी पहिला फाटा आला तेव्हा चौघेही थांबलो आणि शांत उभे राहिलो. कुणीतरी डावीकडे किंवा उजवीकडे म्हणेल याची प्रत्येक जण वाट बघत होता. नकाशा माझ्या सॅकच्या वरच्याच कप्प्यात होता, पण तो काढणं म्हणजे सर गेले हे मान्य करणं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "ताई, काढा की आता."

ऊसतोडीचे दिवस होते. बीडकडच्या टोळ्यांच्या कोपी काठाकाठाने पडलेल्या, पहाटे तीनपासून कोयते चाललेले. एका फडापाशी पाणी प्यायला थांबलो तर मोळ्या बांधणाऱ्या पोराने आमच्या सॅककडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तुमचा मुकादम कोण हाय?" बँकवाले म्हणाले, "मुकादम कराडात उतरला." पोराला त्यात विनोदाचं काही वाटलं नाही. "उचल घेऊन पळाला का?" त्याने गंभीरपणे विचारलं. आम्ही हसलो, आणि मग थोड्या अंतरावर गेल्यावर हसणं बंद झालं. चालायची हौस म्हणून चालणारे आम्ही आणि पोटासाठी घर उचलून आणलेले ते, यातला फरक त्या पोराने काहीच न म्हणता दाखवला होता.

सातारा जिल्हा संपून सांगली कुठे सुरू झाला ते कळलं नाही. पाणंदीवर पाटी नसते. ऊस तोच, बोलणं तेच. एका वस्तीवर ताक देणारे आजोबा म्हणाले, "आमी सातारचंच की. ह्ये सांगली मागनं झालं." ते खरंच आहे. 1949 मध्ये संस्थानं विलीन झाली तेव्हा दक्षिण सातारा नावाचा जिल्हा वेगळा काढला आणि त्याचं सांगली हे नाव 1960 मध्ये झालं. म्हणून तर क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथअण्णा वाळव्याचे, ही तिन्ही गावं आज सांगलीत, पण इतिहासात वाचतो ते साताऱ्याचं प्रतिसरकार. शेणोलीपाशी 1943 च्या जूनमध्ये भूमिगतांनी पगाराची रोकड नेणारी रेल्वे अडवली, ती लाईन आमच्या डाव्या हाताला दिवसभर दिसत होती. पैलवानाला या गोष्टीत फार रस. त्याच लाईनने दोन दिवसांनी त्याला जायचं होतं.

पैलवानाचं पुण्याकडच्या एका कारखान्यात काम ठरलं होतं. फोन रेठऱ्याच्या अलीकडेच आला होता. आम्ही बहेला रामलिंग बेटावर गेलो, समर्थांच्या अकरा मारुतींतला तिथला मारुती बघितला, पैलवानाने बेटावरच्या वडाखाली शेवटची खिचडी केली आणि सकाळी पूल ओलांडून ताकारी स्टेशन गाठलं. कराडला घाईघाईत जे राहिलं ते इथे करू, असं सगळ्यांच्या मनात होतं. वहिनींनी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. बँकवाल्यांनी त्याला पहिल्या पगारातून आरडी काढायला सांगितली. मी फोडांवर लावायचं मलम दिलं. सगळ्यांनी पाठीवर हात फिरवले. सगळं यथासांग झालं. आणि गाडी दोन तास उशिरा असल्याचं कळलं.

निरोप देऊन झाल्यावर माणूस समोरच बसून राहिला की काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. दहा मिनिटं आम्ही परत तेच बोललो. मग कुणाला काही सुचेना. पैलवान रुळांकडे बघत बसला, आम्ही त्याच्याकडे. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा रागही यायला लागला. जायचं तर जा बाबा. अखेर बँकवाल्यांनी सॅकमधून पत्त्यांचा कॅट काढला आणि मेंढीकोट मांडला. तो आम्ही वाईपासून जवळजवळ रोज रात्री खेळत आलो होतो. सर कधी खेळले नाहीत, ते पंच. फलाटावरच्या बाकावर दोन तास आम्ही इतकं भांडून खेळलो की शेजारी बसलेल्या बाईने पोराला दुसरीकडे नेलं. गाडी आली तेव्हा पैलवानाकडे तीन मेंढ्या झाल्या होत्या आणि चौथी हातात होती. त्याने पानं उलटी ठेवली, "कुणी हात लावू नका," म्हणाला, आणि सवयीने पातेलं उचलायला वाकला. मग ते ठेवून फक्त सॅक घेऊन चढला.

त्या रात्री पातेलं आणि स्टोव्ह तिघांत वाटून घेतला. एकटा माणूस हे सगळं पाठीवर घेऊन आमच्यापुढे चालत होता हे तेव्हा खांद्यांना कळलं. तिघांना मेंढीकोट खेळता येत नाही. पाच-तीन-दोनवर आलो.

नागठाण्यावरून, म्हणजे बालगंधर्वांच्या जन्मगावावरून, पुढे अंकलखोपला भोगीच्या दिवशी पोचलो. तिथे वहिनींच्या नात्यातल्यांचा मळा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि वांगी-घेवडा-पावटा-गाजर-हरभरा एकत्र शिजवलेली भोगीची भाजी. कृष्णाकाठची वांगी खाल्ली नाहीत त्याला त्यांचं कौतुक सांगून पटणार नाही, तेव्हा ते राहू दे.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि औदुंबरला संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशूंचं हे गाव. नृसिंहसरस्वतींनी जिथे चातुर्मास केला त्या दत्ताच्या स्थानाला लागून, कृष्णेच्या डोहाच्या काठावर, कितीतरी दशकं हे संमेलन भरत आलंय. आम्ही धुळीने भरलेल्या सॅक घेऊन मागे बसलो होतो, तर एका कार्यकर्त्याने आम्हाला बाहेरगावचे कवी समजून पुढे नेऊन बसवलं. बँकवाल्यांनी कसलाही खुलासा न करता प्रत्येक कवितेला मान डोलावली.

तिथेच वहिनींच्या घरची माणसं गाडी घेऊन आली. नवरा, सासूबाई, दोन मुलं. मुलं येऊन बिलगली, ते ठीकच. पण त्यानंतरचा अर्धा तास माझ्या डोक्यातून जात नाही. वहिनी देवळामागच्या खोलीत जाऊन आल्या त्या काठापदराच्या साडीत, हातभर बांगड्या घालून. सासूबाई मला म्हणाल्या, "किती काळी पडली बगा आमची सून. दमली आसंल." वहिनी काही बोलल्या नाहीत. महिनाभरात हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं. मग नवऱ्याला त्यांनी विचारलं, "जायाचं का?" आवाज इतका खाली की मी नकळत त्यांच्याकडे वळून बघितलं. चौकात किल्लीवाल्याला सुनावणारी बाई तीच. यात दुःखाचं काही होतं असं मी म्हणणार नाही. नवरा भला माणूस दिसत होता, त्यानेच त्यांना पाठवलं होतं, सासूने मुलं सांभाळली होती. पण ज्या वहिनींना आम्ही ओळखत होतो त्या तिथे, त्या गाडीत बसण्याच्या आधीच, निघून गेल्या होत्या.

जाण्याआधी त्यांनी मला हळदीकुंकू लावलं, सुगड दिलं: ऊस, हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजराचे तुकडे. आणि वाकून कुंकू लावता लावता जुन्या आवाजात कानाशी म्हणाल्या, "ताई, उद्यापासनं जागा तुमी इचारायची. 'मिळंल का' म्हणायचं न्हाई. 'कुठं पडू' म्हणायचं." एवढं बोलून गाडीत बसल्या. धाकट्या मुलाने आमच्याकडे बघून हात हलवला, त्यांनी नाही.

उरलो मी आणि बँकवाले. पाच जणांत असताना एक गोष्ट झाकून राहते: प्रत्येक जण प्रत्येकाशी बोलतो असं नसतं. मी आणि बँकवाले महिनाभर एकाच पातेल्यातलं जेवलो होतो, पण आमचं सरळ बोलणं फार तर "पाणी भरलंत का" एवढंच. ज्यांच्याशी माझं जमलं होतं ती तिन्ही माणसं गेली होती. नावेतून पलीकडे भुवनेश्वरीला उतरलो, भिलवडी मागे टाकली, आणि दिवसभर दोघं पुढे-मागे अंतर ठेवून चाललो.

येरळा कृष्णेला मिळते तिथे ब्रह्मनाळ. 2019 च्या ऑगस्टमध्ये पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव इथे उलटली आणि माणसं गेली. गावात शिरताना माझ्या पोटात गोळा आला. इथे आपण कुठल्या तोंडाने हौसेने चालत आलोय म्हणून सांगायचं? ओसरीवर शेंगा निवडत बसलेल्या एका बाईंना मी वहिनींनी शिकवलं तसंच विचारलं, "आक्का, रातच्याला कुठं पडू आम्ही?" माझ्या तोंडी ते "रातच्याला" इतकं विजोड वाटलं असणार की त्या हसल्याच. पण "हितंच पडा की," म्हणाल्या. रात्री त्यांनी भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. पोटमाळ्याच्या वर.

त्या भिंतीपाशी बसून बँकवाले पहिल्यांदा बोलले. 2005 च्या पुरात ते ज्या शाखेत होते तिथे पाणी शिरायच्या आधी कॅशच्या ट्रंका वरच्या मजल्यावर नेताना काय धांदल झाली ते त्यांनी सांगितलं. त्यांना पोहता येत नाही आणि नदीची मनापासून भीती वाटते, हेही. "म्हणूनच आलो," म्हणाले. "एकदा तिच्या शेजारनं सबंध चालून बघावं म्हटलं." हे त्यांनी बाकी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग आम्ही भिकार-सावकार खेळलो. दोघांना तेवढंच येतं.

सांगलीत आयर्विन पुलावरून आत शिरलो. 1929 चा हा पूल. पावसाळ्यात सगळ्या सांगलीचे डोळे याच्याजवळच्या पाणीपातळीच्या आकड्यांवर असतात. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. जानेवारीत मात्र नदी खाली कुठेतरी निवांत. गणपतीचं दर्शन घेतलं, भडंग घेतलं, आणि सरळ हरिपूरची वाट धरली. हळद साठवायची जमिनीतली पेवं हरिपूरची प्रसिद्ध होती, 'शारदा' लिहिणारे देवल इथलेच. संगमेश्वराच्या घाटावर बसलं की समोर वारणा येऊन मिळते, एवढंच आम्हाला बघायचं होतं. ते बघून झालं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मग बँकवाल्यांनी निळी वही काढली. दीड तास हिशोब. किराणा, गॅसची डबी, नावेचं भाडं, देवळांतल्या दक्षिणा, कराडच्या चहाचे न खर्चलेले पैसे. सर कराडपर्यंत आले म्हणून त्यांचा वाटा कमी, पैलवान सगळ्यांच्या दीडपट जेवला पण ओझं उचललं म्हणून त्याला सूट. सूट हा शब्द त्यांनी वहीत लिहिलाही होता. मी म्हणाले, "सोडा ना, किती राहिलेत असे?" ते ऐकेनात. तिथेच बसून त्यांनी प्रत्येकाला फोनवरून पैसे पाठवले. सरांचा लगेच फोन आला: ऑपरेशन झालं, एका डोळ्याला पट्टी आहे, रक्कम दिसत नाही, किती पाठवलेत? पैलवानाने उत्तर दिलं की त्याला पंचेचाळीस रुपये जास्त आलेत आणि ताकारीची चौथी मेंढी धरली जावी. वहिनींचा फोन मुलीने उचलला, "आई देवाला गेलीय," म्हणाली.

बँकवाले हरिपुराहून मिरजेला वडापने गेले, मी सांगलीहून पुण्याच्या गाडीत बसले. वडाप भरेपर्यंत ते बाहेर उभे होते आणि आम्ही पातेल्याचं काय करायचं यावर बोलत होतो. ते अजून माझ्या सॅकला बांधलेलं होतं. ते त्यांनी सोडवून घेतलं. कॉन्ट्रीतून घेतलेली वस्तू, पाच जणांच्या मालकीची, तेव्हा ती हिशोब ज्याच्याकडे त्याच्याकडे राहणार, असं म्हणाले. आता ते मिरजेला त्यांच्या माळ्यावर आहे. दर वर्षी मार्चअखेरीला आम्हा चौघांना एक मेसेज येतो: पातेलं, मूळ किंमत, वजा घसारा, शिल्लक मूल्य. गेल्या मार्चला सरांनी घसाऱ्याच्या दरावर हरकत घेतली आहे.